चाकांवरचे घर आणि समुद्रकाठचा हिवाळा

नोकरी संपली की राहायचे कोठे, हा प्रश्न आपल्या समाजातील किती घरांत दरवर्षी उभा राहतो! रेल्वेत, गोदीत, पालिकेत, टपाल खात्यात तीस-पस्तीस वर्षे इमाने-इतबारे सेवा करावी आणि अखेरीस क्वार्टरची किल्ली परत करावी. गावच्या घराचे छप्पर गेलेले असते. मुलाचे घर दोन खोल्यांचे असते आणि त्यात नातवंडांचा अभ्यासही मावायचा असतो. फंडाचे पैसे हाती आलेले असतात, आणि घरातल्या प्रत्येकाच्या मनात त्या पैशांचा वेगळा हिशेब चाललेला असतो. या प्रश्नाला वेगवेगळ्या देशांतील वडीलधारी माणसे वेगवेगळी उत्तरे देतात. आज आम्ही अमेरिकेतील एक उत्तर वाचकांपुढे ठेवत आहोत. आपण त्याची नक्कल करावी, असे आमचे म्हणणे नाही. दुसऱ्याचा संसार नीट पाहिला की आपल्या संसारातील कच्चे दुवे दिसू लागतात, एवढाच आमचा हेतू.

अमेरिकेत हजारो वृद्ध जोडपी आपले राहते घर विकतात किंवा भाड्याचे घर सोडतात आणि चाकांवरच्या घरात कायमचे राहायला जातात. या घराला तिकडे ‘आरव्ही’ म्हणतात. काही आरव्ही बसगाडीसारख्या स्वतःच चालतात. काही डब्यासारख्या असतात आणि मोटारीमागे किंवा पिकअप ट्रकमागे जोडून ओढाव्या लागतात. आत शेगडी, फ्रीज, पलंग, न्हाणी, संडास सारे असते. बाहेरून मोठी दिसली तरी आतली जागा बेताचीच. अठ्ठावीस फूट लांब आणि आठ फूट रुंद डबा म्हणजे सव्वादोनशे चौरस फूट. बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत ज्यांनी सात-आठ माणसांचा संसार रेटला, त्यांना या जागेचे कौतुक वाटणार नाही. पण चार खोल्या, तळघर आणि अंगण यांची ज्यांना सवय, त्यांना अर्धे आयुष्य विकून, वाटून, टाकून देऊनच या डब्यात शिरता येते. कोणती भांडी ठेवायची, आईची कोणती पेटी मुलीला द्यायची, फोटोंचे काय करायचे, या प्रश्नांनी त्या घरच्या बाईच्या डोळ्यांना पाणी येते. देश कोणताही असो, घर मोडताना बाईचे मन सारखेच तुटते.

हिवाळा आला की हे लोक दक्षिणेकडे निघतात. मिनेसोटा, आयोवा, विस्कॉन्सिन या उत्तरेकडील राज्यांत जानेवारीत पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश उतरतो. चाकांवरच्या घराच्या भिंती पातळ असतात, पाण्याच्या नळ्या गोठून फुटतात. म्हणून नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मेक्सिकोच्या आखाताचा किनारा गाठायचा. टेक्सास राज्यात या पाहुण्यांना ‘विंटर टेक्सन’ असे नावच पडले आहे. रॉकपोर्ट, पोर्ट अरान्सस, साउथ पाद्रे बेट ही त्यांची ठिकाणे. तेथे त्या दिवसांत दुपारी अठरा-वीस अंशांची ऊबदार हवा असते. गंमत अशी की याच रॉकपोर्टजवळच्या अरान्सस अभयारण्यात हूपिंग क्रेन जातीचे पांढरे क्रौंचही हिवाळा काढतात. ते कॅनडातील वूड बफेलो राष्ट्रीय उद्यानातून सुमारे ४००० किलोमीटर उडत येतात. १९४१ च्या सुमारास या पक्ष्यांची संख्या वीस-बावीसवर आली होती. संरक्षण मिळाल्याने आज या थव्यात पाचशेहून अधिक पक्षी आहेत.

आता या संसाराचा दिनक्रम पाहू. आरव्ही पार्कात एक जागा महिन्याच्या भाड्याने घ्यायची. तेथे पाण्याचा नळ, विजेचा खांब आणि मैल्याचा पाइप अशा तीन जोडण्या मिळतात. महिनाभर राहणाऱ्याला विजेचे बिल बहुधा मीटरप्रमाणे वेगळे द्यावे लागते. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, दुसरी न्हाणी-मोरीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. चारशे लिटर पाणी म्हणजे चारशे किलो वजन, म्हणून रस्त्यावर निघताना टाकी तुडुंब भरून चालत नाही. संडासाच्या टाकीची झडप सतत उघडी ठेवायची नसते. तशी ठेवली तर पाणी वाहून जाते आणि घट्ट मैला तळाशी साचून बसतो. टाकी भरत आली की झडप उघडायची, आणि मागाहून सांडपाण्याची टाकी सोडायची, म्हणजे त्याच पाण्याने पाइप धुऊन निघतो.

हे काम कोण करतो? ज्याचे घर तोच करतो. हातात रबरी मोजे घालून निवृत्त प्राध्यापक आपली टाकी रिकामी करतो आणि शेजारचा निवृत्त ट्रक ड्रायव्हरही करतो. तेवढ्याने कोणाची पायरी खाली उतरत नाही. आपल्या देशात दुसऱ्याचा मैला माणसाच्या हातून उपसून घेण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे करावे लागले, तरीही गटारात गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या येतच राहतात. स्वतःची घाण स्वतः काढण्याची ही साधी सवय, आम्हांला त्या मोठ्या गाड्यांहूनही मोठी वाटते.

समुद्रकाठ म्हणजे नुसते सुख असेही नाही. खारा वारा लोखंड खातो. गाडीचा सांगाडा, पायऱ्या, विजेची जोडटोके यांना गंज चढतो, म्हणून गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने वरचेवर धुवावा लागतो. बंद डब्यात दोन माणसांचा श्वास, स्वयंपाकाची वाफ आणि बाहेरची दमट हवा मिळून खिडक्यांवर पाणी जमते. गादीखाली बुरशी धरते. थंडी असली तरी खिडकी बोटभर उघडी ठेवा, असे जाणती मंडळी नव्या माणसाला सांगतात. गॅसवर चालणारी शेगडी आणि हिटर यांमुळे विषारी वायूची सूचना देणारे यंत्र घरात असावेच लागते. मध्येच उत्तरेकडून गार वारा सुटतो, त्याला तिकडे ‘नॉर्दर’ म्हणतात. दुपारी सदऱ्यावर बसलेला माणूस संध्याकाळी लोकरीचे कपडे शोधतो. अशा रात्री नळाची रबरी नळी काढून ठेवायची आणि टाकीतले पाणी वापरायचे, हे न सांगता पाळले जाते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मात्र ही सारी शहाणीव अपुरी पडली. टेक्सासवर भयंकर हिमलाट आली, राज्याची वीज यंत्रणा कोलमडली, लक्षावधी घरे अंधारात आणि थंडीत राहिली, दोनशेहून अधिक माणसे दगावली. ऊब मिळावी म्हणून काहींनी बंद जागेत मोटारी आणि कोळशाच्या शेगड्या चालवल्या आणि त्या धुराने जीव गमावले. त्याच आठवड्यात साउथ पाद्रे बेटावर गारठून बधिर झालेली हजारो समुद्री कासवे लोकांनी पाण्यातून काढली आणि तेथील सभागृहाच्या जमिनीवर ओळीने मांडून वाचवली. तत्पूर्वी २५ ऑगस्ट २०१७ रोजी हार्वे नावाचे चक्रीवादळ रॉकपोर्टजवळच किनाऱ्यावर आदळले होते. हिवाळी पाहुणे तेव्हा उत्तरेत होते. ज्यांचे वर्षभराचे घरच पत्र्याचा डबा होता, त्या स्थानिक गरिबांचे संसार मात्र वाऱ्यावर गेले. पाहुणा ऋतू पाहून निघून जातो, रहिवासी सोसतो. कोणत्याही किनाऱ्याची हीच कथा.

आता कागदपत्रांचा मामला पाहू. घराला चाके असली तरी सरकारदरबारी माणसाला पत्ता लागतो. परवाना, विमा, बँक, कर, मतदान, सारे पत्त्यावर अडते. म्हणून पूर्णवेळ भटकणारे लोक टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा या राज्यांत कायदेशीर रहिवास घेतात. या तिन्ही राज्यांत राज्याचा प्राप्तिकर नाही, आणि टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या संस्थाही तेथे आहेत. पण साउथ डकोटाने २०२३ मध्ये मतदार नोंदणीसाठी तीस दिवस प्रत्यक्ष वास्तव्याची अट घातली, आणि वर्षभर रस्त्यावर असणाऱ्यांच्या मताचा प्रश्न उभा राहिला. औषधपाण्याचेही तसेच. पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी १९६५ च्या कायद्याने सुरू झालेली ‘मेडिकेअर’ योजना मूळ स्वरूपात देशभर चालते. खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या तिच्या अनेक पर्यायी योजना मात्र ठरावीक भागातील डॉक्टरांपुरत्याच असतात. योजना निवडताना हे पाहिले नाही, तर घरापासून हजार मैलांवर आजारी पडल्यावर ते कळते. कॅनडाहून येणारे तर बोटांवर दिवस मोजतात. फार काळ बाहेर राहिले तर आपल्या प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्याचा हक्क जाऊ शकतो.

येथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की हा सुखवस्तू म्हाताऱ्यांचा छंद आहे. अर्धे चित्र तसेच आहे. उरलेले अर्धे चित्र जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात मांडले. त्यावर क्लोई झाओ यांनी चित्रपट काढला आणि २०२१ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. २००८ च्या आर्थिक कोसळणीत ज्यांची नोकरी, बचत किंवा घर गेले, अशा साठी-सत्तरीच्या माणसांनी जुन्या गाड्यांत संसार थाटला. त्यांत एकट्या बाया पुष्कळ. आयुष्यभर मुले वाढवली, कमी पगाराची कामे केली, म्हणून त्यांची सरकारी पेन्शनही तुटपुंजी. मग ही माणसे हंगामाप्रमाणे फिरतात. उन्हाळ्यात सरकारी छावण्यांची राखण आणि संडासांची सफाई. ऑक्टोबरच्या सुमारास नॉर्थ डकोटा-मिनेसोटाच्या सीमेवरील रेड रिव्हर खोऱ्यात साखरेच्या बीटाचा हंगाम, बारा-बारा तासांची पाळी. नाताळापूर्वी ॲमेझॉनच्या गोदामांत उभ्याने दहा-दहा तास काम. या कंपनीने २००८ पासून आरव्हीवाल्या मजुरांसाठी खास योजनाच चालवली होती, ती आता बंद झाली आहे. एवढे झाल्यावर गाठीला जे राहील त्यावर दक्षिणेत हिवाळा काढायचा.

साखरेसाठी घर पाठीवर घेऊन निघणे! बीडच्या आणि अहिल्यानगरच्या वाचकांना यापुढे काही सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल अंगावर घेऊन नवरा-बायकोचा कोयता कारखान्याकडे निघतो, उसाच्या फडाशेजारी कोपी उभी राहते आणि पोरांची शाळा सुटते. बीट आणि ऊस यांची गोडी एकच, आणि ती गोडी गाळणाऱ्यांची भटकंतीही एकाच जातीची. फरक आहे तो असा की, बीटावर जाणारा माणूस कोणाच्या उचलीने बांधलेला नसतो, आणि त्याच्यामागे अपुरी का होईना पेन्शन आणि सरकारी दवाखाना-विमा असतो. आपल्या ऊसतोड मायबहिणींच्या मागे काय असते, हे ज्याने त्याने विचारावे.

एकाच किनाऱ्यावर ही दोन्ही माणसे दिसतात. एक जण लाखो डॉलरची बसगाडी घेऊन नळ-विजेच्या जागेत, दुसरा वीस वर्षे जुन्या व्हॅनमध्ये. काही पार्क दहा वर्षांहून जुनी गाडी आतच घेत नाहीत. मग जुन्या गाडीवाला कॉर्पस क्रिस्टी शहराजवळच्या पाद्रे बेट राष्ट्रीय किनाऱ्यावर वाळूत मुक्काम करतो. तेथे नळ नाही, वीज नाही, आणि चौदा दिवसांनी उठावे लागते. सूर्योदय दोघांना सारखाच दिसतो. पण एक सुट्टीवर असतो आणि दुसरा उद्या कोठे, याचा विचार करीत असतो. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द दोघेही वापरतात. निवडीतून आलेले स्वातंत्र्य आणि दुसरा इलाज नाही म्हणून पत्करलेले स्वातंत्र्य यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, हे ओळखायला आपला समाज तरी चुकणार नाही.

आणि हा किनारा तरी सर्वांचा होता काय? मिसिसिपी राज्यातील बिलॉक्सी गावी आज समुद्रासमोरच्या हमरस्त्यालगत आरव्ही पार्क आहेत. तेथील लांबलचक वाळूचा किनारा सरकारी पैशाने तयार झाला होता, पण कृष्णवर्णीयांना त्यावर पाय ठेवण्याची बंदी होती. १४ मे १९५९ रोजी डॉ. गिल्बर्ट मेसन नावाचे कृष्णवर्णीय डॉक्टर काही सोबत्यांना आणि मुलांना घेऊन त्या पाण्यात उतरले. पोलिसांनी त्यांना हाकलले. २४ एप्रिल १९६० रोजी शंभराहून अधिक स्त्री-पुरुष पुन्हा पाण्यात उतरले, तेव्हा गोऱ्या जमावाने साखळ्या आणि दांडकी घेऊन त्यांच्यावर हल्ला केला. लढा न्यायालयात गेला आणि १९६८ मध्ये तो किनारा सर्वांना खुला झाला. वाचकहो, पाण्यात उतरण्यासाठी लढा! महाडचे चवदार तळे आणि १९२७ साल यांची आठवण झाल्याखेरीज आपल्याला ही हकिकत वाचताच येत नाही. त्या काळी कृष्णवर्णीय माणूस मोटार घेऊन निघाला तर रात्री त्याला जागा कोण देईल, पाणी कोण देईल, याची यादी जवळ बाळगावी लागे. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणाऱ्या पोस्टमनने १९३६ पासून अशी पुस्तिकाच काढली होती. तेव्हा रस्त्यावरचे मोकळे आयुष्य म्हणून जे आज मिरवले जाते, त्यातला मोकळेपणाही कोणीतरी मार खाऊन मिळवलेला आहे.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. गाडी चालवण्याची ताकद संपली की काय? डोळे अधू होतात, हात कापू लागतात, जोडीदार जातो. ज्या घरात नवऱ्यानेच गाडी हाकली, टाक्या त्यानेच सोडल्या, हिशेब त्यानेच पाहिले, तेथे त्याला झटका आला की ती बाई अनोळखी गावात बारा मीटर लांबीच्या गाडीत अडकून पडते. म्हणून दोघांनीही गाडी चालवायला शिकावे, असा त्या मंडळींत जुना दंडक आहे. १९७८ साली जो आणि के पीटरसन या दांपत्याने ‘एस्केपीज’ नावाची या लोकांची संघटना स्थापली. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे तिचे मुख्य ठाणे आणि टपालाची मोठी व्यवस्था आहे. त्याच ठिकाणी संघटनेच्या लोकांनी एक केंद्र उभे केले. थकलेल्या सभासदाने आपली आरव्ही तेथे कायमची उभी करावी, स्वतःच्याच घरात राहावे, आणि जेवण, दवाखान्यात नेणे-आणणे, दिवसाची देखभाल केंद्राने पाहावी, अशी ती योजना. ही गोष्ट सरकारने त्यांना दिलेली नाही. ज्यांची गरज होती त्यांनी एकत्र येऊन ती उभारली. हे वाचून आमच्या मनात आपल्या वस्त्यांतील विहारांच्या मोकळ्या खोल्या आल्या. सकाळी वंदना झाल्यावर दिवसभर कुलूप असते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना दुपारचे जेवण आणि चार माणसांची सोबत तेथे मिळू शकणार नाही काय?

चाकांवरचे घर आपल्याकडे येईल न येईल. पण त्या संसारातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. निवृत्तीला पाच वर्षे असतानाच नवरा-बायकोने समोरासमोर बसून ठरवावे, की हातपाय चालतात तोवर कोठे राहायचे आणि चालेनासे झाले की कोठे. घर विकण्याचा निर्णय शेवटच्या दिवसांचा विचार करून घ्यावा. गाडीची किंमत दरवर्षी घटते, हे तिकडच्या कित्येकांना घर गेल्यावर कळते. इकडे फंडाचा पैसा मुलाच्या धंद्यात टाकणाऱ्यांनीही हे ध्यानी धरावे. पासबुक, विमा, पेन्शनचे कागद, नोव्हेंबरात द्यावा लागणारा हयातीचा दाखला, हे सारे दोघांनाही माहीत हवे. घर बदलले की मतदार यादीतील नाव आणि रेशनकार्डाचा पत्ता त्याच महिन्यात बदलून घ्यावा. आणि घराच्या कागदावर बाईचे नाव असलेच पाहिजे, यात आम्ही तडजोड मान्य करणार नाही.

भगिनींनो, या रविवारी घरातली कामे आटोपली की कपाटातली ती कागदांची पिशवी काढा आणि घरधन्याला शेजारी बसवा. कोणता कागद कशाचा, हे एकदा दोघांनी मिळून वाचा. समजणार नाही तेथे शिकलेल्या मुलीला विचारा. म्हातारपणाची खरी तयारी तेथून सुरू होते.